अभयारण्य पाणी थंड करत नाही, मग ते करतं काय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. मेच्या सुट्टीत तुम्ही मालवणला गेलात, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग केलंत. खाली काही प्रवाळ पांढरेफटक दिसले, काहींवर शेवाळ चढलेलं होतं. पूर्वी अंदमानात पाहिलेल्या प्रवाळांच्या मानाने हे सगळं उजाड वाटलं. इथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे हे बोटवाल्याकडून कळलं, आणि तुम्हाला प्रश्न पडला: समुद्राचं पाणीच तापत असेल तर अभयारण्याचा उपयोग काय? आणि उपयोग नसेल तर त्याच्या नावाखाली मच्छीमारांना का अडवायचं?

मी बरीच वर्षं कोकणात आणि लक्षद्वीपमध्ये पाण्याखाली प्रवाळांची पाहणी करते. तळावर फीत अंथरायची, तिच्याखाली काय काय येतं ते टिपायचं, चौकटी ठेवून फोटो घ्यायचे आणि पुढच्या हंगामात त्याच जागी परत जायचं, असं ते काम. त्या अनुभवावरून सांगते की तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. तुम्ही पाहिलंत ते आजारी होतं की मुळातच तसं असतं? अभयारण्यामुळे प्रवाळ उष्णतेपासून वाचतात का? वाचत नसतील, तर अभयारण्य निरुपयोगी ठरतं का? मधल्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. शेवटच्याचंही ‘नाही’च आहे, पण त्याला बऱ्याच अटी आहेत आणि माझ्या उत्तराचा मोठा भाग त्या अटींबद्दल आहे.

पहिल्यापासून सुरुवात करू. मालवणची तुलना अंदमानशी करू नका. अंदमान, लक्षद्वीप ही किनाऱ्यापासून लांबची बेटं, भोवती खोल समुद्र. मालवणात त्यांच्यासारखी सलग प्रवाळभित्तिका, म्हणजे प्रवाळांच्या सांगाड्यांनी रचलेली भिंत, नाहीच. किल्ल्याभोवतीच्या आणि शेजारच्या पद्मगड बेटाच्या आसपासच्या खडपांवर, म्हणजे समुद्रातल्या खडकांवर, प्रवाळांच्या सुट्या वसाहती वाढल्या आहेत. उत्तरेला कोळंबची खाडी, दक्षिणेला देवबागजवळ कर्ली नदीचं मुख. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो लाल माती घेऊन समुद्रात उतरतो. त्या काळात पाणी गढूळ, खारेपणा उतरलेला, वरून लाटांचा मारा. प्रवाळाला लागतो स्वच्छ उजेड, फारसा न बदलणारा खारेपणा आणि गाळ न साचलेला खडक. मालवणात यातलं काहीच वर्षभर मिळत नाही.

त्यामुळे इथे जे प्रवाळ आहेत ते आधीच निवडून आलेले आहेत. घुमटासारखे किंवा खडकाला चिकटून पसरणारे पोराइटीस, पानासारखे टर्बिनेरिया, फेव्हाइटीस, गोनिअ‍ॅस्ट्रिया, स्यूडोसिडरॅस्ट्रिया अशी ही चिवट मंडळी. अंदमानात तुम्ही फांद्याफांद्यांची जी रानं पाहिली असतील ती ॲक्रोपोरा या गटाची. मालवणात तशी रानं नाहीत, आणि अभयारण्य कितीही चांगलं चाललं तरी ती उगवतील अशी अपेक्षा ठेवू नये. तुम्हाला उजाड वाटलेल्या दृश्याचा एक भाग म्हणजे या जागेचा स्वभाव आहे.

पांढरेपणा मात्र स्वभाव नव्हे. मालवणात २०१४ ते २०१९ या काळात प्रवाळ पांढरे पडल्याच्या नोंदी पुन्हापुन्हा झाल्या आहेत.

याला आम्ही विरंजन म्हणतो. प्रवाळ हा प्राणी आहे आणि त्याच्या ऊतींमध्ये सूक्ष्म एकपेशीय शैवालं राहतात. ती उजेडावर अन्न तयार करतात, आणि प्रवाळाच्या ऊर्जेच्या गरजेतला नव्वद टक्क्यांपर्यंतचा वाटा त्यांच्याकडून येऊ शकतो. रंगही बहुतांशी त्यांचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा जास्त तापलं आणि तसंच राहिलं की या शैवालांची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, त्यातून ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात, आणि प्रवाळ शैवालांना बाहेर टाकतो. उरते पारदर्शक ऊती आणि तिच्यातून दिसणारा चुन्याचा पांढरा सांगाडा. या अवस्थेत प्रवाळ जिवंत असतो, पण उपाशी असतो. पाणी लवकर निवलं तर शैवालं परत येतात. आठवडेच्या आठवडे निवलं नाही तर तो मरतो आणि काही दिवसांतच सांगाड्यावर शेवाळाचा थर चढू लागतो. तुम्ही पाहिलेले पांढरे प्रवाळ आणि शेवाळ चढलेले प्रवाळ ही बहुधा एकाच गोष्टीची दोन टोकं असावीत. बहुधा म्हणते, कारण शेवाळ चढलेला सांगाडा जुनाही असू शकतो, आणि तो कशाने मेला हे एका फोटोवरून सांगता येत नाही.

किती उष्णता म्हणजे जास्त, हे मोजायची एक पद्धत आहे. अमेरिकेची ‘नोआ’ ही संस्था उपग्रहांच्या आधारे जगभरातल्या प्रवाळक्षेत्रांसाठी हा हिशेब मांडते. एखाद्या जागी वर्षातल्या सर्वांत उष्ण महिन्याचं सरासरी तापमान समजा ३० अंश आहे. पाणी त्याच्या वर एक अंश किंवा त्याहून जास्त गेलं की मोजणी सुरू होते. ३१ अंशांवर चार आठवडे राहिलं तर चार ‘अंश-आठवडे’, ३२ अंशांवर चार आठवडे राहिलं तर आठ. गेल्या बारा आठवड्यांची अशी बेरीज करतात. चारच्या पुढे लक्षात येण्याजोगं विरंजन, आठच्या पुढे तीव्र विरंजन आणि मृत्यू, असा ढोबळ अंदाज. या हिशेबात अभयारण्याची हद्द, वनखात्याची गस्त किंवा मासेमारीची बंदी यांना कुठेच जागा नाही.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफने दिला. ३ लाख ४४ हजार चौरस किलोमीटरचं ते सागरी उद्यान जगात सर्वांत नीट सांभाळलेल्या प्रवाळक्षेत्रांपैकी मानलं जातं. २००४ मध्ये तिथल्या जवळपास एक तृतीयांश क्षेत्रात मासेमारी पूर्ण बंद झाली. २०१६ च्या उष्णतेत प्रवाळ-अभ्यासक टेरी ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानातून आणि पाण्याखालून पाहणी केली. मासेमारी बंद असलेल्या भित्तिका आणि चालू असलेल्या भित्तिका, स्वच्छ पाण्यातल्या आणि गढूळ पाण्यातल्या, यांच्या विरंजनात सांगण्यासारखा फरक निघाला नाही. सर्वांत जास्त फटका बसला तो उत्तरेकडच्या भागाला, जिथे माणसांचा वावर सर्वांत कमी होता. त्या वर्षी मार्च ते नोव्हेंबर या काळात संपूर्ण भित्तिकेवरचे सुमारे ३० टक्के प्रवाळ गेले.

तरीही एकाच उष्णतेत सगळ्या जागा सारख्या होरपळत नाहीत. खोली, प्रवाह, ढग, खालून वर येणारं थंड पाणी, यांनी फरक पडतो. काही ठिकाणी गढूळ पाणी उन्हाची तिरीप अडवतं आणि प्रवाळांना त्याचा थोडा फायदा होतो, तर काही ठिकाणी तोच गाळ त्यांना गुदमरवतो. पूर्वानुभवही मोजला जातो. फारसच्या आखातातले प्रवाळ पस्तीस अंशांच्या आसपासचे उन्हाळे काढत आले आहेत. इतर बहुतेक ठिकाणचे प्रवाळ त्या पाण्यात टिकणार नाहीत. पण २०१७ मध्ये अबू धाबीच्या किनाऱ्यावर त्यांच्यातलेही मोठ्या प्रमाणावर मेले. सहनशक्ती वाढते, पण तिला मर्यादा आहे.

उष्णता आल्यावर कोण मरतं, याकडे मी पाहणीत सर्वांत जास्त लक्ष देते. ‘इथे प्रवाळ किती टक्के आहेत’ हा आकडा सगळे विचारतात. माझ्या मते त्याआधी ‘कुठले प्रवाळ’ हे विचारायला हवं. ॲक्रोपोरासारखे फांद्यांचे किंवा मेजासारखे पसरट प्रवाळ झपाट्याने वाढतात, वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा जास्तही. शेजाऱ्याच्या वर वाढून त्याचा उजेड अडवतात, आणि माशांच्या पिल्लांना लपायला जागा देतात. पण उष्णतेत आणि वादळात सर्वांत आधी जातात तेच. घुमटाकार पोराइटीस वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, त्याची ऊती जाड असते आणि तो बरंच सोसतो. तिसरा गट लहान आकाराच्या, कमी आयुष्याच्या, रिकामी जागा दिसली की पटकन येऊन बसणाऱ्या प्रवाळांचा. एखाद्या भित्तिकेवर २० टक्के ॲक्रोपोरा होते आणि काही वर्षांनी २० टक्के पोराइटीस आहेत, तर कागदावर काहीच बदललं नाही. माशांच्या दृष्टीने मात्र घरच बदललं, कारण लपायच्या फटी गेल्या. ताण नुसता प्रवाळ मारत नाही, तो समुदाय चाळून काढतो.

केनियाच्या किनाऱ्यावर हे फार चांगलं दिसलं. तिथलं मालिंदी आणि वातामूचं सागरी संरक्षण १९६८ पासूनचं. त्यांच्या आजूबाजूला जोरात मासेमारी चालणाऱ्या भित्तिका आहेत, त्यामुळे तुलना करता येते. संरक्षित भागात नाजूक, फांद्यांचे प्रवाळ टिकून होते. मासेमारीच्या भागात जाळी, पाय आणि नांगर यांनी ते आधीच कमी झाले होते आणि चिवट मंडळी उरली होती. १९९८ ची उष्णता आली तेव्हा संरक्षित भित्तिकांचं नुकसान जास्त झालं, कारण त्यांच्याकडे गमावण्यासारखं जास्त होतं. उष्णता ओसरल्यावर दोन्हीकडचे प्रवाळ बरेचसे एकसारखे दिसू लागले.

यावरून ‘संरक्षण फोल ठरलं’ असं म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांनी फक्त प्रवाळ पाहिले, मासे पाहिले नाहीत. मासेमारीच्या भागात ट्रिगरफिश पकडले गेल्याने त्यांचं भक्ष्य असलेले सी-अर्चिन बेसुमार वाढले होते. काटेरी गोळ्यांसारखे हे प्राणी शेवाळ खाताखाता खडकही कुरतडतात, आणि संख्या फार झाली की भित्तिका झिजायला लागते. उद्यानांच्या हद्दीत ट्रिगरफिश शाबूत होते, त्यामुळे सी-अर्चिन आटोक्यात होते. प्रवाळ मेल्यानंतरही ती भित्तिका कोसळत नव्हती.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: किती उष्णता लागणार हे स्थानिक संरक्षण ठरवत नाही. त्या उष्णतेत किती मरणार हे आधी तिथे कोण राहत होतं यावर अवलंबून असतं. संरक्षणाचा खरा प्रभाव यानंतर सुरू होतो, मेलेल्या सांगाड्यावर कोण येऊन बसणार हे ठरताना.

त्या सांगाड्यावर दोन दावेदार असतात. शेवाळ लगेच येतं. प्रवाळांच्या अळ्या प्रवाहाबरोबर वाहत येतात आणि त्यांना बसायला कडक, स्वच्छ पृष्ठभाग लागतो, शक्यतो खडकावर गुलाबी पुटासारखं वाढणारं चुनखडी शैवाल असलेला. शेवाळाचं जाड गवत आणि त्यात अडकलेला गाळ असेल तर अळी बसू शकत नाही, बसली तरी गुदमरते. शेवाळ खुडणारे प्राणी इथे निर्णायक ठरतात: पोपट मासे, सर्जन मासे, सी-अर्चिन. हो, केनियात भित्तिका झिजवणारे सी-अर्चिनच. जमैकात पोपट मासे मासेमारीने जवळजवळ संपले होते आणि शेवाळ खाण्याचं काम एकट्या सी-अर्चिनवर येऊन पडलं होतं. १९८० मध्ये मोठं चक्रीवादळ आलं, १९८३ मध्ये रोगाने सी-अर्चिन मेले, आणि खाणारं कोणीच उरलं नाही. तिथलं प्रवाळांचं आच्छादन १९७७ मध्ये ५२ टक्के होतं, १९९३ मध्ये ३ टक्के उरलं. ही पडझड एकट्या उष्णतेची नव्हती हे लक्षात घ्या.

आता लक्षद्वीप. मला ही जागा या विषयात सर्वांत शिकवणारी वाटते. १९९८ मध्ये तिथल्या भित्तिकांचं प्रचंड नुकसान झालं. पण पुढच्या काही वर्षांत त्या सावरू लागल्या, विशेषतः बेटांच्या पश्चिमेला, जिथे मोसमी लाटांचा थेट मारा असतो. तिथे ॲक्रोपोरा पुन्हा भराभर वाढले. पूर्वेच्या शांत बाजूला सावरणं मंद होतं. एकाच बेटाच्या दोन बाजू, उष्णता तीच, आणि तरी गती वेगळी. रोहन आर्थर आणि नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनमधले त्यांचे सहकारी तेव्हापासून त्याच भित्तिकांकडे पुन्हापुन्हा जात राहिले, म्हणून हे आपल्याला कळलं.

सावरण्यामागे लाटांखेरीज आणखी एक कारण होतं, आणि ते तुमच्या मच्छीमारांच्या प्रश्नाला थेट भिडतं. भित्तिकांवर पोपट मासे आणि सर्जन मासे भरपूर होते. ते होते, कारण लक्षद्वीपचे मच्छीमार भित्तिकेवर फारसे अवलंबून नव्हते. मिनिकॉयमध्ये ट्यूना पकडायची जुनी पद्धत आहे. भित्तिकेच्या आतल्या शांत, उथळ पाण्यातले बारीक मासे जिवंत आमिष म्हणून न्यायचे, खुल्या समुद्रात ते फेकून ट्यूनाचा थवा वर आणायचा आणि काठी-दोरीने एकेक मासा उचलायचा. १९६० च्या दशकात सरकारी प्रयत्नांनी ही पद्धत इतर बेटांवर पोचली आणि लोकांचं लक्ष भित्तिकेबाहेरच्या समुद्राकडे वळलं. १९९८ मध्ये या भित्तिकांभोवती मोठं अभयारण्य नव्हतं. ज्याने शेवाळ खुडणारे मासे वाचवले तो एक रोजगार होता. संरक्षण म्हणजे अधिसूचना आणि दंडाची पावती एवढंच नव्हे, असं मी म्हणते ते यामुळे.

पण याच लक्षद्वीपने दुसरी बाजूही दाखवली. २०१० आणि २०१६ मध्ये पुन्हा उष्णता आली. १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के असलेलं प्रवाळांचं आच्छादन चोवीस वर्षांत १९ टक्क्यांच्या आसपास आलं. सावरण्याचा वेग खरा वाढतो तो विरंजनाशिवाय सहाएक वर्षं गेल्यावर, असंही त्या पाहणीत दिसलं. म्हणजे मासे असले, खडक स्वच्छ असला, तरी वेळ हवाच. आणि वेळच कमी पडते आहे. ग्रेट बॅरियर रीफवर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ अशी मोठी विरंजनं झाली. एप्रिल २०२४ मध्ये ‘नोआ’ने जगातलं चौथं सार्वत्रिक विरंजन जाहीर केलं, आणि त्या उष्णतेतून लक्षद्वीपही सुटलं नाही. जागतिक तापमानवाढ दीड अंशापर्यंत गेली तर उष्ण कटिबंधातले ७० ते ९० टक्के प्रवाळ जातील, दोन अंशांपर्यंत गेली तर ९९ टक्क्यांहून जास्त, असा आंतरसरकारी हवामान समितीचा २०१८ चा अंदाज आहे. कोळसा आणि तेल जाळणं कमी न करता नुसत्या अभयारण्यांवर प्रवाळ वाचवता येतील असं मी कोणालाही सांगणार नाही. त्यातच अलीकडे लक्षद्वीपच्या भित्तिकांवरच्या माशांनाही बाहेरून मागणी येऊ लागली आहे, आणि मला तिथे सर्वांत जास्त काळजी तिची वाटते. ज्या आधारावर त्या भित्तिका सावरल्या तोच आधार त्यातून निसटू शकतो.

‘मग अभयारण्य कुठे करावं’ हा पुढचा प्रश्न ओघाने येतो. सेशल्समध्ये १९९८ ला ९० टक्क्यांहून जास्त प्रवाळ मेले. प्रवाळ-अभ्यासक निक ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी तिथल्या २१ भित्तिकांचा पुढचा प्रवास पाहिला. १२ सावरल्या, ९ शेवाळाखाली गेल्या. सावरलेल्या भित्तिका तुलनेने खोल पाण्यात होत्या, त्यांचा तळ उंचसखल होता, तिथे शेवाळ खाणारे मासे आणि प्रवाळांची पिल्लं जास्त होती, आणि पाण्यात सांडपाण्यासारख्या खताचा भार कमी होता. भित्तिका संरक्षित क्षेत्रात आहे की नाही, यावरून मात्र निकाल सांगता येत नव्हता. मी याचा अर्थ असा लावते: नकाशावरची रेघ स्वतःहून काही करत नाही. त्या रेघेच्या आत नेमका कुठला ताण कमी केला, आणि सावरू शकेल अशी जागा निवडली का, यावर सगळं आहे.

या नजरेने मालवणकडे या. अभयारण्याचं क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा जेमतेम ३.१८ चौरस किलोमीटर, त्यात किल्ला आणि पद्मगड. सुरुवातीपासून मच्छीमारांचा याला विरोध आहे आणि त्यांचं म्हणणं मला बरंचसं पटतं. छोट्या होडीने, गरी आणि साध्या जाळ्यांनी किनाऱ्यालगत मासेमारी करणाऱ्यांचं हेच क्षेत्र. समुद्र तापवण्यात त्यांचा वाटा नगण्य. आणि खडपांवरच्या प्रवाळांना जो स्थानिक त्रास आहे त्यातला मोठा भाग त्यांच्याकडून येत नाही.

तो कुठून येतो? मी पाण्याखाली जे पाहते ते सांगते. पर्यटकांच्या बोटींचे नांगर खडपावर पडतात आणि ओढले जातात. पोहता न येणारे पर्यटक दमले की प्रवाळावर उभे राहतात. मासे जवळ यावेत म्हणून पाव, बिस्किटं टाकली जातात. त्याने धीट मासे गोळा होतात आणि खडकावरचं शेवाळ खुडण्याचं काम मागे पडतं. शिकाऊ पर्यटकांच्या पायातल्या फिन्सने उडालेला गाळ प्रवाळावर बसतो. किनाऱ्यावरच्या बांधकामांची माती आणि सांडपाणी पावसाबरोबर खाली येतं. उन्हाळ्यात पांढरा पडलेला, उपाशी प्रवाळ हे सगळं सोसू शकत नाही. जखम भरायला लागणारी ऊर्जा त्याच्याकडे त्या वेळी नसते, आणि रोग शिरतो तो अशाच जखमांतून. उष्णता मालवणच्या हातात नाही. तिच्यावर पडणारी ही भर मात्र पूर्णपणे मालवणच्या हातात आहे.

म्हणून मच्छीमारांना अडवावं का, याचं माझं उत्तर असं: सुरुवात त्यांच्यापासून करू नये. आधी गाभ्यातल्या प्रत्येक पर्यटनस्थळी बोट बांधायला कायमचे बोये, म्हणजे तळाशी पक्के केलेले तरंगते गोळे, असावेत आणि नांगर टाकायला पूर्ण मनाई असावी. एका जागी एका वेळी किती माणसं उतरतील याला मर्यादा हवी, आणि पाणी फार तापलेल्या आठवड्यांत त्या जागा बंद ठेवण्याची सोय हवी. ‘नोआ’चे इशारे मोफत मिळतात, ते पाहून हे ठरवता येतं. मग सांडपाणी. मासेमारीत प्रश्न आहे तो खडपांवर बंदूक-भाल्याने पोपट मासे आणि मोठे गोबरे टिपण्याचा, आणि बाहेरून येऊन किनाऱ्याजवळ पर्ससीनने (थवाच घेरून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्याने) किंवा प्रखर दिव्यांनी मासे उपसणाऱ्या मोठ्या बोटींचा. या दुसऱ्या गोष्टीविरुद्ध तर मालवणचे पारंपरिक मच्छीमार स्वतःच वर्षानुवर्षं लढत आहेत. त्यांना अभयारण्याच्या विरोधात उभं करणं ही मोठी हानी आहे. कुठल्या खडपावर कधी कुठला मासा येतो हे त्यांच्याइतकं कोणालाही ठाऊक नाही, आणि पहारा ठेवायलाही रोज समुद्रात तेच असतात.

अर्थात हा क्रम मालवणचा आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवर कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रीया बँक हा बुडालेला उंचवटा आहे. त्याचा सर्वांत उथळ भागही वीसेक मीटर खोल. तिथे स्नॉर्केलिंगवाले नाहीत, सांडपाणी नाही. तिथे अभयारण्य करायचं तर तळ खरवडणारी जाळी आणि मोठ्या बोटींचे नांगर यांच्याकडे पाहावं लागेल. कच्छच्या आखातात पुन्हा वेगळं: मोठ्या ओहोटीत प्रवाळ तासन्‌तास उघडे पडतात. ताण बदलला की संरक्षणाचा अर्थ बदलतो.

कोणीतरी तुम्हाला नक्की सुचवेल की नवे प्रवाळ लावा. याबद्दल माझं मत सावध आहे. नांगराने तुटलेला तुकडा परत नीट बसवणं, किंवा अळ्या येतच नाहीत अशा जागी मोजके प्रवाळ लावणं समजू शकते. पण जिथे नांगर पडतच आहेत, शेवाळ खाणारे मासे नाहीत, पाणी तापतच आहे, तिथे लावलेला प्रवाळ पहिल्याचीच गत भोगतो. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडात वर्षानुवर्षं मेहनतीने लावलेले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले. तेवढा पैसा बोये आणि सांडपाण्यावर आधी खर्च व्हावा.

पुढच्या वेळी मालवणला गेलात तर डिसेंबर ते फेब्रुवारीत जा, पाणी त्यातल्या त्यात नितळ असतं. बोट बोयाला बांधणारा माणूस निवडा, आणि नांगर टाकणार असेल तर का ते विचारा. पाण्यात कशालाही हात न लावता तीन गोष्टी पाहा. पांढरा प्रवाळ दिसला तर जवळून बघा, पृष्ठभागावर ऊतीची पातळ चकाकी आणि बारीक पॉलिप (प्रवाळाची वसाहत ज्यांची बनते ते चिमुकले जीव) आहेत का. असतील तर तो जिवंत आहे. खडकावर गुलाबी पूट आणि रुपयाच्या नाण्याएवढे गोल प्रवाळ आहेत का, ती नवी पिढी. आणि मासे खडक खुडताना दिसतात का, की नुसतेच पावाच्या तुकड्यांची वाट बघत घोटाळतात. मे महिन्यातला तुमचा फोटो जपून ठेवा, तारीख आणि जागा लिहून. त्याच खडकाचा हिवाळ्यातला फोटो त्याच्याशेजारी ठेवला की मेमधला पांढरा प्रवाळ सावरला, मेला की त्याच्या जागी दुसरं काही आलं, हे कळेल. दोन्ही फोटो इथे टाकलेत तर कुठला प्रवाळ आहे आणि त्याचं काय झालं हे ओळखायला मी मदत करेन.